गोरेपणाच्या डबीतील पारा

सोन्याला पारा लागला की त्यावर पांढरट डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही, ही गोष्ट सराफी पेढीवर बसणाऱ्या कोणालाही शिकवावी लागत नाही. घरात थर्मामीटर फुटला तर जाणती माणसे आधी हातातील अंगठी व बांगड्या काढून ठेवतात आणि मग जमिनीवर पसरलेले चकचकीत थेंब कागदाने गोळा करतात. पारा सोन्यात मुरतो, हे व्यवहारज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

बाजारात विकल्या जाणाऱ्या काही फेअरनेस क्रीमच्या डब्यांवर बारीक अक्षरांत, पुष्कळदा परकीय भाषेत, एक सूचना आढळते. क्रीम लावताना सोने, चांदी, ॲल्युमिनियम व दागिने यांच्याशी त्याचा संपर्क येऊ देऊ नये, अशा आशयाची ती सूचना असते. सराफाच्या घरातील कोणाही स्त्रीने ती लक्षपूर्वक वाचली, तर तिला संशय आल्यावाचून राहणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा सूचनेकडे क्रीममध्ये पारा असल्याची खूण म्हणून लक्ष वेधले आहे. जी वस्तू अंगठीला लागू नये म्हणून जपावे लागते, तीच वस्तू चेहऱ्याला रोज दोन वेळा चोळली जाते आणि त्याचे मोल शरीराला चुकवावे लागते. ते मोल किती जबर असू शकते, याची उदाहरणे आता महाराष्ट्रातही नोंदली गेली आहेत.

अकोला आणि कोट्टक्कल

२०२३ च्या प्रारंभी अकोल्यातील एका कुटुंबाची हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. आई आणि तिच्या दोन मुली अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता. एकाच घरातील तिघींना जवळपास एकाच काळात असा आजार व्हावा, हे डॉक्टरांना चमत्कारिक वाटले. बारकाईने विचारपूस केल्यावर तिघींमध्ये एक दुवा सापडला. स्थानिक ब्यूटी पार्लरच्या माध्यमातून मिळालेले गोरेपणाचे एक क्रीम तिघीही वापरीत होत्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रमाण कायद्याने ठरविलेल्या मर्यादेच्या कितीतरी पटींनी अधिक असल्याचे आढळले. या हकीकतीतील सर्वांत बोलका भाग असा की क्रीमने आपले काम चोख बजावले होते. चेहरा उजळला होता. एकीचा उजळलेला चेहरा पाहूनच दुसरीला ते क्रीम लावावेसे वाटावे, यात नवल नाही.

याच सुमारास केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांना अशाच प्रकारचे रुग्ण लागोपाठ भेटू लागले. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांना होणाऱ्या ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ या आजाराचे २२ रुग्ण जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे आले. त्यांपैकी १५ जणांमध्ये ‘नेल-१’ नावाच्या प्रथिनाशी निगडित असा विरळा प्रकार आढळला. या १५ पैकी १३ जणांनी आजार सुरू होण्यापूर्वी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. मूत्रपिंडविज्ञानातील एका प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २०२४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका रुग्णाच्या बाबतीत आजाराची परिणती मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होण्यात झाली होती.

यातील दिलासा एवढाच की हा विकार वेळीच ओळखला गेला आणि क्रीम बंद झाले, तर बहुतेक रुग्ण सुधारू शकतात. म्हणून त्याची लक्षणे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असली पाहिजेत. लघवीला सतत फेस येणे, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती व चेहऱ्यावर सूज दिसणे, संध्याकाळी पावले सुजणे, कारणावाचून थकवा वाटणे ही ती लक्षणे होत. असे काही जाणवल्यास लघवीतील प्रथिनांची साधी चाचणी लगेच करून घ्यावी. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे डॉक्टरांपुढे औषधांच्या यादीबरोबर चेहऱ्याला लावण्याची डबीही ठेवावी. अनेक स्त्रिया, आणि आता अनेक तरुणही, क्रीमचा उल्लेख संकोचाने टाळतात. त्या संकोचापायी निदान लांबते आणि तेवढा काळ पारा शरीरात साठत राहतो.

पारा त्वचेखाली काय करतो

त्वचेचा रंग ‘मेलॅनिन’ नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. सूर्यकिरणांतील अतिनील भागापासून त्वचेचे रक्षण करणारी ही निसर्गाने दिलेली छत्रीच होय. शरीरात हे द्रव्य तयार होण्यासाठी ‘टायरोसिनेज’ या विकराची आवश्यकता असते आणि त्या विकराचे कार्य तांब्याच्या अणूंवर अवलंबून असते. पाऱ्याची संयुगे या विकराला निष्क्रिय करतात. रंगद्रव्य तयार होणे मंदावते आणि काही आठवड्यांत चेहरा उजळल्यासारखा दिसू लागतो. त्वचा निरोगी झाल्याचे ते लक्षण नव्हे. त्वचेची छत्री काढून घेतली गेल्याचे ते लक्षण आहे.

त्वचेवाटे शोषला गेलेला पारा रक्तात मिसळतो आणि मूत्रपिंडात साठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा प्रसाधनांचा प्रमुख दुष्परिणाम मूत्रपिंडांवर होतो. त्याखेरीज पुरळ, काळसर डाग, व्रण, जंतुसंसर्गाला प्रतिकार करण्याची त्वचेची शक्ती कमी होणे, हातापायांच्या नसांचे विकार, चिंता व नैराश्य असेही परिणाम संभवतात. क्रीम बंद करताच चेहरा पूर्वीपेक्षा काळवंडल्यासारखा वाटतो आणि घाबरून पुन्हा तीच डबी उघडली जाते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर येथे मुद्दल कधीच फिटत नाही आणि व्याज मात्र वाढत जाते.

हा धोका क्रीम लावणाऱ्या व्यक्तीपुरता मर्यादित राहत नाही. पाऱ्याची वाफ खोलीच्या हवेत मिसळते. टॉवेल, उशीचा अभ्रा, आईचा गाल यांच्या संपर्कातून ती तान्ह्या बाळापर्यंत पोहोचते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत गर्भालाही अपाय होऊ शकतो. चेहरा धुतल्यावर तोच पारा गटारात, तेथून नदीत व समुद्रात जातो, सूक्ष्म जीवांकडून त्याचे अधिक विषारी रूपांतर होते आणि ते जलचरांच्या शरीरात साठत जाते. जपानमधील मिनामाता शहरात कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेल्या पाऱ्याने केवढा अनर्थ घडवला, हे १९५६ पासून जगासमोर आहे. त्या शहराचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत प्रत्येक जिवाची दया चिंतणाऱ्या समाजाने या साखळीचे शेवटचे टोकही डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

डबी येते कोठून?

भारतीय कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवती लावण्याच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत ७० भागांपर्यंत पाऱ्याला मुभा आहे. अन्य प्रसाधनांत पारा मुद्दाम घालता येत नाही आणि अजाणता आलेले प्रमाणही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२३ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत याही पुढे जाऊन पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचा निर्णय घेतला.

तरीही डब्या येतात. काहींवर परदेशातील निर्मितीचा उल्लेख असतो, परंतु भारतातील आयातदाराचे नाव नसते. काहींवर पत्ताच नसतो. प्रवाशांच्या सामानातून, समाजमाध्यमांवरील विक्रेत्यांकडून, पार्लरमधून आणि कधी कधी घाऊक बाजारातील माल पोहोचविणाऱ्याच्या पिशवीतून त्या किरकोळ दुकानात येतात. नफ्याचे प्रमाण मोठे असते, बिल नसते आणि सात दिवसांत गुण येण्याची तोंडी हमी असते. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ पासून ‘ऑपरेशन सौंदर्य’ या नावाने तपासण्यांची मोहीम हाती घेतली, ती अशाच मालामुळे.

पाऱ्याइतकाच फसवा असा दुसरा प्रकार स्टेरॉइडयुक्त मलमांचा आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी औषधे त्वचारोगांवर, ठरावीक दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरावयाची असतात. त्यांनी त्वचा तात्पुरती उजळ दिसते, म्हणून ती गोरेपणाचे क्रीम म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळली जातात. परिणामी त्वचा पातळ होते, लालबुंद होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे व केस येतात आणि उन्हात आग होते. हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आणली. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या समाजबांधवांनी ओळखीच्या गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी हा नियम शिथिल करू नये. ओळखीच्या माणसाचे अहित करण्यात तर अधिकच दोष आहे.

अन्य वस्तू आणि प्रमाणभान

रसायन म्हटले की सरसकट भय बाळगण्याचे कारण नाही. पाणी हेही रसायनच आहे. समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या भीतिदायक संदेशांत खरे-खोटे यांची सरमिसळ असते. म्हणून ज्यांचा अपाय सिद्ध झालेला आहे त्यांचा विचार प्रथम करावा आणि ज्यांविषयी केवळ शंका आहे त्यांचा नंतर.

सिद्ध अपायांत केसांच्या रंगातील ‘पॅराफेनिलिनडायअमीन’ या द्रव्याचा क्रम वरचा लागतो. झटपट काळा रंग देणाऱ्या बहुतेक कलपांत ते असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. टाळू, कपाळ व पापण्या सुजतात, फोड येतात. अशा कलपावर इंग्रजी व स्थानिक भाषेत इशारा छापणे आणि प्रथम त्वचेच्या लहान भागावर चाचणी घेण्यास सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. भुवया व पापण्यांना तो लावू नये, कारण दृष्टी जाण्याचा धोका असतो, हेही त्या इशाऱ्यात असते. लग्नसराईत मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’च्या कोनांतही पुष्कळदा हेच द्रव्य आढळते. मेंदीच्या पानांतील नैसर्गिक रंग नारिंगी ते तांबूस-तपकिरी असतो आणि तो चढायला काही तास लागतात. अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगणारी मेंदी ही केवळ मेंदी नव्हे, एवढे नववधूच्या आईने ध्यानात ठेवावे.

काजळ, सुरमा व शेंदूर यांच्या बाबतीत शिशाचा प्रश्न येतो. पारंपरिक सुरमा शिशाच्या गंधकयुक्त खनिजापासून होतो आणि शेंदूर हा मूलतः शिशाचे भस्म होय. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस मारक असते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत बाजारातील काजळ घालण्याची प्रथा म्हणूनच सोडून देण्याजोगी आहे. हळद व चुन्यापासून केलेले कुंकू आणि रासायनिक रंगाची लाल पूड यांतही असाच भेद करावा लागतो.

चिकटणाऱ्या टिकलीचा दोष तिच्या रंगापेक्षा तिच्या मागील डिंकात असतो. त्यातील ‘पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल’ या द्रव्यामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा चट्टा पडतो. कोड फुटले, अशा समजुतीने घरात उगाच चिंता पसरते. टिकली लावणे थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे हा त्यावरील पहिला उपाय होय.

टाल्कम पावडरीविषयीचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. टाल्क हे खनिज असून खाणीत त्याच्या शेजारी ॲस्बेस्टॉस सापडू शकते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ मध्ये टाल्कची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केली. बाळाच्या नाकातोंडात पावडरीची धूळ जाणे तर निश्चितच हितकर नाही. बाळाचे अंग मऊ कापडाने कोरडे करणे पुरेसे असते.

टिकाऊपणासाठी घातल्या जाणाऱ्या पॅराबेन वर्गातील पाच द्रव्यांवर युरोपीय संघाने २०१४ मध्ये बंदी घातली, तर काहींना मर्यादित प्रमाणात परवानगी कायम ठेवली. जंतुनाशक साबणातील ट्रायक्लोसान अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये नाकारले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयुक्त व सुरक्षित असल्याचे उत्पादक सिद्ध करू शकले नाहीत. या गोष्टींसाठी घाबरून घरातील सर्व बाटल्या फेकण्याची आवश्यकता नाही. बाटल्यांची संख्या कमी करणे मात्र शहाणपणाचे ठरेल.

‘नैसर्गिक’ या शब्दाने तर मुळीच हुरळून जाऊ नये. पारा व शिसे हीदेखील निसर्गाच्याच खाणीतून निघतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचेच खनिज होय.

लेबल वाचण्याची सवय

जैन घरात बिस्किटाचा पुडा उघडण्यापूर्वी मागची बाजू पाहिली जाते. अंडे, जिलेटिन, कांदा, लसूण यांची नावे मुलांनाही चटकन सापडतात. हीच सावध दृष्टी स्नानगृहातील कपाटाकडे वळवली, तर आरोग्य व अहिंसा दोन्ही साधतील. लिपस्टिकच्या लेबलावरील ‘कार्माइन’ किंवा सी.आय. ७५४७० हा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यांपासून मिळवतात, हे अनेक श्राविकांना ठाऊक नसते.

प्रसाधन हाती घेतल्यावर काही गोष्टी तपासाव्यात. उत्पादकाचे नाव व संपूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि घटकद्रव्यांची यादी या बाबी प्रत्येक वैध वेष्टनावर असतात. परदेशी वस्तू असल्यास आयातदाराचे नाव, पत्ता व नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही असावा लागतो. घटकांची यादी अधिक प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेली असते, त्यामुळे पहिली पाच-सहा नावे विशेष महत्त्वाची ठरतात.

मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी, सिनाबार किंवा हायड्रार्जिरम यांपैकी एखादा शब्द दिसल्यास ती वस्तू घेऊ नये. ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, तिच्याविषयी तर विचारच करू नये. लबाड उत्पादक पाऱ्याचे नाव छापत नाहीत. तेथे अपुरे वेष्टन हाच पुरावा समजावा.

शंका असल्यास आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कोणीही सामान्य ग्राहक आपण विकत घेतलेले प्रसाधन विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याला स्वाक्षरीचा अहवाल मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. खरेदीची पावती जपून ठेवावी, हे सांगणे नकोच.

गल्ल्यामागे बसणाऱ्यांसाठी

आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांचा उदरनिर्वाह जनरल स्टोअर्स, कटलरी, बांगड्या, औषधे व घाऊक व्यापार यांवर चालतो. म्हणून हा विषय त्यांच्यासाठी खरेदीपुरता नाही, तो विक्रीचाही आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या किरकोळ विक्रीसाठी औषधांप्रमाणे स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे आपल्यावर काही जबाबदारी नाही, असा अनेक दुकानदारांचा समज असतो. तो चुकीचा व महागात पडणारा आहे.

उपर्युक्त कायद्याच्या कलम २७-अ नुसार बनावट अथवा भेसळयुक्त प्रसाधन विकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि किमान ५० हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड होऊ शकतो. निरीक्षकाने विचारल्यास माल कोणाकडून घेतला, त्याचे नाव व पत्ता सांगणे कलम १८-अ नुसार दुकानदारावर बंधनकारक आहे. वस्तूत काय होते हे मला ठाऊक नव्हते, एवढा बचाव पुरत नाही. कलम १९ मध्ये प्रामाणिक विक्रेत्याला संरक्षण आहे, पण त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. माल परवानाधारक उत्पादक किंवा रीतसर वितरकाकडून घेतला होता, वाजवी दक्षता घेऊनही दोष कळणे शक्य नव्हते आणि माल जसा आला तसाच नीट ठेवून विकला, या त्या तीन गोष्टी होत.

याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. खरेदीचे बिल हे दुकानदाराचे चिलखत आहे. बिलावर उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक असेल, तर संकटाच्या वेळी तेच कामाला येईल. बिलाशिवाय घेतलेल्या दहा डब्यांवर मिळणारा नफा आणि त्यापोटी पणाला लागणारी तीन पिढ्यांची पत यांचा ताळेबंद कोणताही मुनीम क्षणात मांडू शकेल.

भारतात प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ पासून बंद आहे आणि जैन समाजाला त्याचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अज्ञात ठिकाणी भरलेल्या, कोणत्याही प्रयोगशाळेत न गेलेल्या डबीची पहिली चाचणी ग्राहकाच्या चेहऱ्यावरच होते. त्या चाचणीची सामग्री पुरविणारा हात आपला असू नये.

व्रताच्या चौकटीत

श्रावकाचाराच्या परंपरेने व्यापाराकडे कधी दुर्लक्ष केले नाही. कोणता व्यवसाय करावा आणि कोणता टाळावा, याचे बारीक विवेचन त्यात आहे. भोगोपभोग परिमाण व्रताच्या संदर्भात ज्या पंधरा कर्मादानांचा त्याग सांगितला आहे, त्यांत ‘विषवाणिज्य’ म्हणजे विषाचा व्यापार याचा स्पष्ट उल्लेख आहे. प्राचीन काळी विष हे विषाच्याच नावाने विकले जाई. आज ते सुगंधी, गुलाबी आणि झाकणबंद असते. रूप बदलले म्हणून दोष बदलत नाही.

अचौर्य अणुव्रताचे अतिचारही येथे आठवावेत. राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यापार करणे हा ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि अस्सल म्हणून नक्कल किंवा भेसळ खपवणे हा ‘प्रतिरूपक व्यवहार’. आयात नोंदणी चुकवून आलेली, नामांकित वस्तूची नक्कल असलेली आणि आत पारा दडवलेली एक लहानशी डबी विषवाणिज्य व हे दोन्ही अतिचार एकाच वेळी घडवते. प्रतिक्रमणात अतिचारांचे स्मरण करताना दुकानातील फळीवर काय मांडले आहे, याचेही स्मरण झाले तर ती क्रिया अधिक सार्थ होईल.

घरातील माणसांसाठी त्याच व्रताचा दुसरा भाग आहे. भोगोपभोगाच्या वस्तूंची मर्यादा ठरवणे म्हणजे केवळ भाज्या व वस्त्रे मोजणे नव्हे. न्हाणीघरातील बाटल्या, ट्यूब व डब्या मोजून त्यांतील खरोखर आवश्यक किती, हे ठरवणेही त्यातच येते. शरीरावर जेवढी कमी द्रव्ये, तेवढा धोका कमी. येथे विज्ञान आणि व्रत यांचे उत्तर एकच आहे.

‘वर्ण’ हा रकाना

दुकानदाराने डबी ठेवली नाही तरी मागणी राहीलच, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. देशातील एका अत्यंत परिचित क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द वगळला. परंतु घराघरांतील संभाषणातून तो शब्द गेलेला नाही. मुलगी सावळी आहे, म्हणून स्थळे येत नाहीत, हे वाक्य शिकलेल्या व सुखवस्तू कुटुंबांतही ऐकू येते. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जांत, परिचयपत्रिकांत आणि जाहिरातींत ‘वर्ण’ हा रकाना अजूनही छापला जातो आणि त्यात ‘गोरा’, ‘गहू’, ‘निमगोरा’ असे शब्द भरले जातात. तो रकाना भरताना एखाद्या तरुणीच्या मनात जे येते, तेच पुढे तिला बिलाशिवायच्या डबीपर्यंत घेऊन जाते. मागणी कारखान्यात निर्माण होत नाही, ती आपल्या बैठकीच्या खोलीत निर्माण होते.

बावीसावे तीर्थंकर नेमिनाथ आणि विसावे मुनिसुव्रत यांचा वर्ण श्याम मानला जातो. त्यांच्या श्यामवर्णी मूर्तीपुढे आपण भक्तिभावाने हात जोडतो. मंदिरातून घरी परतल्यावर मात्र सावळ्या लेकीच्या रंगाची चिंता करतो. या विसंगतीचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयाचा आहे.

यासाठी मोठ्या आंदोलनाची गरज नाही. समाजातील मंडळांनी आणि महासंघांनी पुढील परिचय मेळाव्याच्या अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा, त्यासाठी एका ठरावाखेरीज काही लागत नाही. व्यापारी बांधवांनी या आठवड्यात दुकानातील प्रसाधनांची फळी एकदा रिकामी करून प्रत्येक डबी उलटून पाहावी. जिच्यावर पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, ती विकू नये, कोणाला फुकटही देऊ नये. ती वेगळी काढून अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. गृहिणींनी तीच तपासणी घरातील आरशासमोरच्या फळीची करावी आणि मुलीच्या वा सुनेच्या हाती अशी डबी दिसल्यास रागावण्याऐवजी ती तिला कोणी दिली, आणि का घ्यावीशी वाटली, हे आधी आपुलकीने विचारावे.